तीन गोष्टींचा निरोप

चमचा वाटीच्या काठाला लागला आणि किण्ण असा आवाज झाला. खोली इतकी शांत होती की मिठाचं पाणी ढवळता ढवळता मीच दचकले.

खुर्चीत बसलेली मुलगी हसली. "आमची आई असंच सरबत करते."

"हे प्यायचं नाही बरं का. यात स्पंज भिजवायचे आणि तुझ्या कपाळावर ठेवायचे."

"माहितीये. मागच्या वेळी सांगितलं होतंत." मग जरा थांबून, "सांगितलं होतं ना?"

"तू आज पहिल्यांदाच आलीयस."

"मग दुसऱ्या कुणीतरी दुसरंच काहीतरी सांगितलं असेल," तिनं स्वतःची समजूत घातली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. तेरा वर्षांची असेल. एका वेणीला निळी रिबन, दुसरीला नुसताच रबर. मला ती तिथंच आवडली.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून आवाज आला. "ओजू! डबा आणलास, आणि पाण्याची बाटली? रिक्षात राहिली? काय गं हे, निघताना हातात दिली होती. वाटेत कुठं सांडलीस?"

मुलीचं हसू मिटलं. मी स्पंज पिळत होते, तो मुठीत तसाच आवळून धरला आणि पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. वाक्यही तेच होतं.

बाई आत आल्या. अंगानं भरलेल्या, केस थोडे पांढरे, चष्म्याची साखळी गळ्यात. आमच्या तासगावच्या शाळेतल्या मगदूम बाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं, छातीवरचा बिल्ला वाचला, 'नयना कोरे', आणि नजर यंत्राकडं वळवली. कोरे हे माझं लग्नानंतरचं आडनाव. त्याआधी मी शिरतोडे होते, पण ते त्यांना कोण सांगणार?

"सिस्टर, किती वेळ लागेल हिला?"

"मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे. वीस मिनिटं लागतील. आपण बाहेर बसलात तर बरं होईल."

"मी इथंच बसते. ती विसरते ना सगळं."

"आई, विसरायला इथं काय आहे? मी नुसती बसणार आहे," मुलगी म्हणाली.

"बघा, उलट बोलायला बरं आठवतं," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

हे मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात मी नोकरीला होते तेव्हाचं. आता माझी लेक दुपारची झोपते तेवढ्यात लिहिते आहे. तिनं कूस बदलली की पेन थांबतं, पुन्हा सुरू होतं. त्या वेळी मला मूल नव्हतं, फक्त भाऊ होता.

तिथं तांबट मॅडमचा एक अभ्यास चालू होता. वयात येणाऱ्या काही मुलांचं असं असतं की त्यांना समजतं सगळं, पण समजलेलं हातातलं काम होईपर्यंत डोक्यात टिकत नाही. 'तारीख घाल, सातवा धडा काढ, तिसरा प्रश्न सोडव' म्हटलं की तारीख घालतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. ती मठ्ठ नसतात, आळशीही नसतात. मॅडम याला कार्यकारी स्मृती म्हणायच्या. मुलांना सांगताना मी ओंजळ म्हणायचे. तुझी ओंजळ लहान आहे, एवढंच. ती थोडी मोठी होते का ते बघायचंय.

बघायचं म्हणजे काय, तर कपाळाच्या डाव्या बाजूला, केस सुरू होतात तिथं एक ओला स्पंज, दुसरा उजवीकडं, वरून रबरी पट्टा आणि वायर एका छोट्या पेटीत. पेटीतून अगदी बारीक प्रवाह जातो, मुंग्या आल्यासारखं होतं. कापाकापी नाही, सुई नाही, भूल नाही. प्रवाह चालू असताना मूल कॉम्प्युटरवर खेळ खेळतं. चित्रं येतात-जातात, आधीच्या आधी कुठलं होतं ते सांगायचं. याचा उपयोग होतोच असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत. "होत असेल तर किती होतो, ते कळण्यासाठीच हा खटाटोप," असं त्या प्रत्येक आईबापाला बजावून सांगायच्या.

आणखी एक गोष्टही सांगायच्या. निम्म्या मुलांना खरा प्रवाह मिळतो, निम्म्यांना नुसता भास. भासाच्या मुलांची पेटी सुरुवातीला थोड्या मुंग्या आणते आणि गुपचूप बंद होते. कुणाला काय मिळतंय ते मुलाला माहीत नसतं, आईबापांना नसतं, मॅडमना नसतं, मलाही नसतं. मी प्रत्येकाचा आकडा पेटीत टाकते, पुढचं पेटी बघते.

तसा नियम होता. पण रोज पट्टा सोडणारी मीच. खरा प्रवाह गेला की बहुतेक मुलांच्या कपाळावर स्पंजाखाली गुलाबी चौकोन उमटतो, थोड्या वेळानं जातो. काहींच्या कपाळावर उमटतच नाही. मॅडमनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "नयना, तुला अंदाज येईल. येऊ दे. पण तो तोंडातून निघाला तर अभ्यासही गेला आणि तुझी नोकरीही गेली."

ओजूचा पट्टा मी सोडला. कपाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच.

ते मी मनात जपून ठेवलं. काही बायका चांगली साडी जपतात तसं.

धनाजी माझ्या पाठचा. मी आठवीत, तेव्हा तो पाचवीत, मगदूम बाईंच्या वर्गात. घरात सगळ्यात समजूतदार पोरगं. आईच्या पायाला द्राक्षबागेतली काडी लागली तर आधी याच्या डोळ्यांत पाणी. पण दुकानात मीठ, साखर, काडेपेटी आणायला पाठवलं की मीठ घेऊन यायचा. आई हसायची, पुन्हा पाठवायची, तो पुन्हा जायचा. त्यात काही बिघडत नव्हतं.

शाळेत बिघडलं. आमच्या शाळेत एका वर्गाचा निरोप दुसऱ्या वर्गात पोरांच्या तोंडीच जायचा. हुशार पोरांना त्याचा मान मिळायचा. बाईंनी धनाला पाठवायला सुरुवात केली. एका दमात तीन गोष्टी सांगायच्या आणि पाठवायचं. "लिहायचं कशाला? तीनच तर आहेत." तो दुसऱ्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि एकच गोष्ट सांगायचा. कधी एकही नाही. मग तिथले गुरुजी हसायचे, पोरं हसायची. परत आला की बाई विचारायच्या, "वाटेत कुठं सांडलं रे?" आणि, "बाहेर जा. दारातून पुन्हा आत ये आणि सांग." तो पुन्हा दारात. पुन्हा. मधल्या सुट्टीपर्यंत. त्याचं नाव पडलं निरोप्या. मास्तरांच्या खोलीत पैज लागायची, आज निरोप्या किती आणतो, एक का दोन? हरेल त्यानं चहा सांगायचा.

एकदा तो आमच्याच वर्गाच्या दारात आला. मला बघून त्याला हायसं वाटलं. तोंड उघडलं आणि काहीच निघेना. सगळा वर्ग हसायला लागला. मी उठून म्हणाले, "गुरुजी, मी जाऊन विचारून येते." गुरुजी म्हणाले, "खाली बस. पैजेचं काम आहे."

त्या संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून तो मला म्हणाला, "ताई, माझ्याजवळ होतं गं. दारापर्यंत होतं."

सहावीत त्यानं शाळा सोडली. बेदाण्याच्या शेडमध्ये लागला, अजून तिथंच आहे. खोकी उचलतो. पण दारात उभं राहून बोलायची वेळ आली की त्याचा चेहरा तसाच होतो. माझ्या लग्नात कुणीतरी त्याला जानवशावर पाठवलं, पानं वाढलीयेत म्हणून सांग. तो दाराबाहेर उभा राहिला तो उभाच. शेवटी पाहुणे आपले आपण बाहेर आले, याला बघून हसले. तो तिथून जो गेला तो दिवस मावळल्यावर घरी आला. कानपिळीला भाऊ लागतो. माझ्या नवऱ्याचा कान माझ्या मावसभावानं पिळला. बायका म्हणाल्या, सख्खा कुठंय? मी मुंडावळ्यांतून बघत राहिले.

आता सांगा, त्या बाई माझ्यासमोर स्टुलावर बसलेल्या असताना मी काय करावं?

मी त्यांना 'मॅडम' म्हणत राहिले आणि वाट बघत राहिले.

ओजू रोज यायची. खेळात चित्र चुकलं की जीभ बाहेर काढायची. "ताई, कुत्रा होता की कासव?" "मी सांगायचं नाही." "मग कासव. कासवाला कुणी निवडत नाही." तिचे केस विंचरून पट्टा बांधताना माझा हात आपोआप हळू व्हायचा. डोक्याचा घेर, कानामागचा तीळ, टाळूवरचा भोवरा, सगळं मला पाठ झालं. तिच्यावर माझा काही राग नव्हता. पण तिच्या कपाळाच्या वर बघितलं की मागं बाईंचा चेहरा असायचा.

एकदा बाई मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? हिला खरंच लावलंय ना? का नकली?"

"मला माहीत नसतं मॅडम. पेटीला माहीत."

"मग पेटीला विचारा की."

"पेटी बोलत नाही."

त्या हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "शाळेनं सांगितलंय, पुढच्या वर्षी दुसरीकडं बघा. आणि तिच्या वर्गशिक्षिका सगळ्यांसमोर तिला काय म्हणतात, माहितीये? 'हरवलेलं टपाल'. मी स्वतः इतकी वर्षं शिकवतेय. पण लेकराला असं बोलतात का हो कुणी? घरी येऊन माझी पोर आरशासमोर उभी राहून तेच म्हणते, हरवलेलं टपाल आलं. हसत म्हणते." त्यांचा आवाज फुटला. "त्या बाईला देव बघून घेईल."

मी त्यांना गार पाणी दिलं आणि रडू दिलं. समोर उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

माझं वाक्य तयार होतं. 'तुमच्या मुलीच्या कपाळाला इतके दिवस नुसतं मीठपाणी लागतंय, बाई.' ते बोलले की नोकरी जाणार हे ठरलेलं. मी ती द्यायला तयार होते. फक्त ते कधी बोलायचं, एवढंच ठरत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात ते ठरलं. तांबट मॅडम कॉलेजवर गेल्या होत्या. ओजूला पट्टा बांधून मी पेटी चालू केली, तिचा खेळ सुरू झाला. बाईंनी पिशवीतून एक खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्यासाठी हो. तुम्ही पोरीचं एवढं करता. तासगावचे बेदाणे आहेत, एक नंबर माल. आमच्या ओळखीच्या शेडमधून आणलेत."

खोक्यावर शेडचं नाव छापलेलं होतं. धनाची शेड. ते खोकं बहुतेक त्याच्याच खांद्यावरून खाली आलं असणार. त्यानं ते गाडीत चढवलं असणार आणि कुणाशी न बोलता मागं वळला असणार.

मी खोकं बाजूला सरकवलं.

"मॅडम, एक काम कराल? खाली स्टोअरला बाबूमामा आहेत. त्यांना माझा निरोप द्यायचाय."

"देते की. सांगा."

"ताई, तिथं फोन आहे," ओजू पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"फोन बंद आहे."

फोन चालू होता. मी तीन गोष्टी सांगितल्या, एका दमात, जशा सांगायच्या असतात तशा. "मोठे स्पंज द्या. जेलची हिरव्या झाकणाची ट्यूब द्या, पांढऱ्या झाकणाची नको. आणि परवा पाठवलेल्या पट्ट्या इकडं परत पाठवू नका, त्या धुवायला टाका."

बाई पर्समध्ये पेन शोधायला लागल्या.

"लिहायचं कशाला?" मी म्हणाले. "तीनच तर आहेत."

त्यांचा हात पर्समध्ये क्षणभर थांबला. मग हसून म्हणाल्या, "खरंय," आणि गेल्या.

दोन जिने खाली, दोन जिने वर. त्या धापा टाकत परत आल्या. हातात स्पंजांचं पाकीट आणि ट्यूब. झाकण हिरवं होतं, शाबास. मी घाई केली नाही.

"आणि तिसरं सांगितलंत?"

"तिसरं..." त्यांनी कपाळ पुसलं. "पट्ट्यांचं काहीतरी होतं ना?"

"पट्ट्यांचं काय?"

"पाठवा म्हणून... का आणायच्या म्हणून? बाबूमामांनी विचारलं तर मी म्हटलं, वर विचारून येते."

मी हसले. मास्तरांच्या खोलीतून यायचं तसं मोठ्यानं, दारापलीकडं ऐकू जाईल असं हसले. ओजूचं बोट बटणावर थांबलं.

"वाटेत कुठं सांडलं, मॅडम?"

बाई ओशाळल्या. "वय झालं हो आता."

"बाहेर जा. दारातून पुन्हा आत या आणि सांगा."

"काय?"

"दारातून पुन्हा या. आठवेल."

कुणाही धड माणसानं मला तिथंच झापलं असतं. पण त्यांची मुलगी माझ्या खुर्चीत होती, माझ्या वायरीला जोडलेली. त्या माझ्याकडं बघत मागं सरकल्या, उंबऱ्याबाहेर गेल्या आणि परत आत आल्या. दारात उभ्या राहिल्या. चष्म्याची साखळी हलत होती. तोंड उघडलं. ते तोंड मला माहीत होतं. तसं उघडलेलं, आत काहीच नसलेलं तोंड मी माझ्या वर्गात बघितलं होतं, आमच्या जानवशाच्या दारातही तसंच असणार. मला वाटलं, हे असंच राहावं. संध्याकाळपर्यंत राहावं.

"आई," खुर्चीतून हळूच आवाज आला. स्पंज सरकू नये म्हणून ओजूनं मान वळवली नव्हती, ओठ तेवढे हलवत होती. "परवाच्या पट्ट्या परत पाठवू नका. धुवायला टाका."

शाळेतल्या भरल्या वर्गात कुणी एकानंही माझ्या भावाला असं कधी पुटपुटून सांगितलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एकदम पुढं येऊन मुलीच्या खुर्चीचा हात धरला. "आठवलं हिला! सिस्टर, ऐकलंत ना? मला नाही आठवलं, हिला आठवलं! तिन्ही गोष्टी ऐकल्या तिनं, खेळता खेळता! देवा... म्हणजे खरंच आहे यंत्र. नकली नाही. मी म्हणत नव्हते?" त्या हसत होत्या, रडत होत्या. "बाबांना फोन करते तुझ्या. थांब."

मी त्यांना दारात उभं केलं होतं आणि त्या तिथं आनंदानं नाचत होत्या. माझ्याच हातानं मी त्यांना हे दिलं होतं.

"बाई," मी म्हणाले.

पहिल्यांदाच मी त्यांना बाई म्हणाले. त्यांनी मोबाइल कानापासून खाली घेतला.

"धनाजी शिरतोडे आठवतो?"

"शिरतोडे?" त्यांच्या कपाळावर आठी आली आणि लगेच गेली. चेहरा उजळला. खरंच उजळला. "निरोप्या! अगंबाई! तुम्ही कुठून ओळखता त्याला? काय गोड पोरगं होतं. आम्ही अजून आठवण काढतो त्याची. एकदा काय झालं, मी त्याला पाठवलं हेडमास्तरांकडं..."

"माझा भाऊ आहे तो."

गोष्ट तिथंच थांबली. बाईंनी माझा बिल्ला पुन्हा वाचला, मग माझा चेहरा वाचायला सुरुवात केली. मी त्यांना वाचू दिला.

"आठवीतली तू. उठून उभी राहिलेली," त्या फार हळू म्हणाल्या. "आमच्यात बोलणं झालं होतं नंतर."

"चहा कुणी पाजला त्या दिवशी?"

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"मी त्याच्या चांगल्यासाठी..." त्यांनी सुरुवात केली. "सराव झाला की आठवतं असं वाटायचं तेव्हा. हिलाही मी घरी रोज..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी ओजूच्या डोक्याकडं बघितलं. घरी रोज काय होत असेल ते मला दिसलं. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात. दारातून पुन्हा ये.

"काय करतो तो आता?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही आणलेली खोकी उचलतो."

त्यांनी टेबलावरच्या खोक्याकडं बघितलं. मग हात मागं घेतला, जणू ते गरम होतं.

तेवढ्यानं माझं भागणार नव्हतं. आता माझं वाक्य बोलायची वेळ होती. पेटी टुकटुक करून बंद झाली होती, वीस मिनिटं संपली होती. मी पट्टा सोडला, स्पंज उचलला. कपाळ स्वच्छ. गुलाबी रेघसुद्धा नाही. बाई बघत होत्या. मी त्यांना दिसेल असे ओजूच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"हे बघितलंत का, बाई? तुमच्या मुलीच्या..."

"ताई," ओजू म्हणाली. माझं मनगट तिनं धरलं होतं. ओल्या कपाळाचं पाणी तिच्या भुवईपर्यंत आलं होतं आणि ती डोळे मिचकावत वर बघत होती. "तुमचा भाऊ माझ्यासारखाच होता?"

"हो."

"सेम माझ्यासारखा? कळायचं पण राहायचं नाही?"

"हो. सेम."

"आणि आई त्याला शिकवायची."

"हो."

ती माझ्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहिली. एवढा वेळ एकच गोष्ट मनात धरून ठेवलेली मी तिला कधी बघितली नव्हती. तिच्या मागं बाई उभ्या होत्या. मला आयुष्यभर हवा होता तसा त्यांचा चेहरा झाला होता. मुलीला दिसणार नाही असे त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं जोडले. पोर पुढं काय विचारणार ते त्यांनी ओळखलं होतं. ओठांनी, आवाज न काढता, एकच शब्द मागत होत्या. हो म्हण. हो म्हण गं.

ओजूनं माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"मग तो बरा झाला का, ताई?"